संत गाडगेबाबा आणि बारशाची पंगत

फाल्गुन सरत आला की आमच्या डिचोली तालुक्यातील डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकू लागतात. बागांतून भट्ट्या पेटतात आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर तो उग्र वास मांडवीच्या काठापर्यंत, आमच्या आमोणे गावापर्यंत येऊन पोहोचतो. उर्राक कशाला म्हणतात आणि फेणी कशाला म्हणतात हे आमच्याकडे शाळकरी मुलासही सांगावे लागत नाही. हा कित्येक कुटुंबांच्या चरितार्थाचा धंदा आहे व त्याविषयी येथे वाद घालावयाचा नाही. परंतु बाजाराच्या दिवशी झोकांड्या खात घरी परतणारा बाप आणि त्याच्या मागून मान खाली घालून चालणारे त्याचे मूल, हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिले नाही असे नाही. तंबाखू, विडी, दारू यांचे दुष्परिणाम आम्ही पाठ्यपुस्तकांतून वाचतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवितो. पिणाऱ्यासही ते ठाऊक असतात. मग तो सोडीत का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्हांस एका निरक्षर साधूचे चरित्र आठवले. तेच येथे सांगण्याचे योजिले आहे.

संत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचे नाव सखुबाई. जात परिटाची, पण घरी शेती होती व खाऊनपिऊन कुटुंब सुखी होते. या सुखास दृष्ट लागली ती दारूची, आणि ती दारू घरात आली देवाच्या मार्गाने. त्या काळी तेथील अनेक कुळांत देवापुढे बोकड मारावयाचा, दारूचा नैवेद्य दाखवावयाचा आणि मग तोच प्रसाद म्हणून सर्वांनी घ्यावयाचा, अशी रीत होती. नवस फेडताना दारू, लग्नात दारू, बारशात दारू आणि तेराव्यालाही दारू. न पिणारा तो देवाचा अवमान करणारा आणि भाऊबंदांना तुच्छ लेखणारा, असा समज रूढ होता. झिंगराजी हे काही मुळात वाईट गृहस्थ नव्हते. प्रसादाचा पेला हळूहळू रोजचा झाला, त्याच्या पायी शेत गेले, गुरे गेली, शेवटी प्रकृतीही गेली. डेबू जेमतेम आठ वर्षांचा असताना, १८८४ साली, ते वारले. मरणसमयी त्यांना अतोनात पश्चात्ताप झाला आणि मुलाला या देवदेवस्कीच्या वाटेला जाऊ देऊ नकोस, असे त्यांनी सखुबाईस बजाविले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे.

विधवा सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी गेली. तेथे डेबूने मामाची गुरे राखली, पुढे नांगर धरला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मात्र अंगमेहनतीत त्याची बरोबरी करणारा गावात दुसरा नव्हता, आणि रात्री गुराख्यांना जमवून भजन करावयाचे हा त्याचा छंद होता. त्या भजनात शिवाशीव पाळली जात नसे. पुढे मामा सावकाराच्या कचाट्यात सापडले. वाचता येत नसल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच त्यांनी अंगठा उमटविला आणि जमीन गमाविली. बापाला दारूने बुडविले आणि मामाला अज्ञानाने. या दोन्ही गोष्टी त्या पोराच्या मनावर कायमच्या कोरल्या गेल्या. पुढील पन्नास वर्षांच्या त्यांच्या कीर्तनांत हेच दोन विषय पुनःपुन्हा येत राहिले, यात नवल नाही.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. कालांतराने पहिली मुलगी झाली आणि बारशाचा दिवस आला. आम्हांस या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग हाच वाटतो. म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

जातीच्या चालीप्रमाणे बारशाला भाऊबंदांना मांसाची व दारूची पंगत द्यावी लागे. कर्ज काढावे लागले तरी हरकत नाही, पण पंगत चुकता कामा नये. डेबूजींनी दारूही आणली नाही आणि बोकडही कापला नाही. त्यांनी साऱ्यांना गोड जेवण वाढले. पानावर बसलेली मंडळी रागावली. कोणी कुजबुजले, कोणी उघड बोलले. आज वाचणाऱ्यास ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्याशी सोयरीक करावयाची, ज्यांच्या खांद्यावरून शेवटी जावयाचे, त्या आपल्या माणसांच्या भरल्या पंगतीत एकट्याने उभे राहून कुळाचार मोडणे म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको. परक्याचा राग सोसता येतो. आप्तांचा रुसवा सोसणे फार कठीण. डेबूजी तेव्हा तरुण शेतकरी होते. त्यांच्या पाठीशी संस्था नव्हती, कायदा नव्हता, वाचलेले एखादे पुस्तकही नव्हते. होती ती बापाच्या मरणाची आठवण आणि एक विचार, की ज्या देवाने लेकरू दिले त्या देवाला त्या लेकराच्या नावाने दारू आवडणार नाही.

हा विचारच महत्त्वाचा आहे. दारू वाईट, हे कळणे निराळे आणि देव दारू मागत नाही, हे कळणे निराळे. पहिले ज्ञान झिंगराजींनाही झाले होते, पण तोवर फार उशीर झाला होता. कारण व्यसनाने देवाची वस्त्रे पांघरली होती आणि देवाशी भांडण्याचे बळ साध्या माणसाजवळ नसते. डेबूजी देवाशी भांडले नाहीत. देव कसा आहे याविषयीची कल्पनाच त्यांनी बदलली, आणि दारूचा आधार आपोआप गळून पडला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात डेबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे फुटके गाडगे, एवढाच संसार. घरी म्हातारी आई, पत्नी व लेकरे होती. कुंताबाईंच्या वाट्याला या त्यागामुळे जे कष्ट आले ते विसरून बाबांचे गुणगान करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. थोरांच्या घरच्या माणसांची नावे चरित्रात एका ओळीत संपतात, परंतु त्यांचे दिवस तसे एका ओळीत संपलेले नसतात. पुढे बारा वर्षे बाबांनी अज्ञातवासासारखी भ्रमंती केली. भाकरी मागून त्याच गाडग्यात खावयाची, कोणाचे काम दिसले की न सांगता करावयाचे आणि कोणी ओळखू लागले की निघून जावयाचे. कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. गाडगेबुवा हे नाव मात्र कायमचे चिकटले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा उतार चिखलाचा, त्यात यात्रेकरू घसरून पडत. बाबांनी हाती कुदळ घेऊन तेथे वाट बांधावयास प्रारंभ केला. लोक पाहत राहिले, मग लाजून हात लावू लागले, आणि पुढे तेथे घाट झाला. हीच त्यांची पद्धत सर्वत्र राहिली. गावात शिरावयाचे ते खराटा घेऊन. दिवसभर रस्ते, गटारे, देवळाचे आवार झाडावयाचे आणि रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. त्यांचे कीर्तन आपल्याकडील देवळांतल्या हरदासी कीर्तनासारखे नसे. पूर्वरंग, उत्तररंग यांचे बंधन नाही, संस्कृत श्लोक नाहीत. अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारावयाचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढावयाचे. देवाने बोकड मागितला काय, दारू पिऊन कोणाचे घर वर आले काय, पोराला शाळेत न घालता लग्नासाठी कर्ज का काढले, असे ते विचारीत. हजारोंचा समुदाय आधी हसे, मग गप्प होई. मध्येच गोपाळाच्या नावाचा गजर सुरू होई आणि सारा समाज एका तालात डोलू लागे.

या कीर्तनांनी अनेकांची दारू सुटली. कशी सुटली, याचा आम्ही आमच्या परीने विचार केला. पिणाऱ्याची खरी अडचण एकटेपणाची असते. पेला सोडला की सोबतीही सुटतात आणि संध्याकाळ खावयास उठते. बाबा त्याच्या हाती खराटा देत, घाटाचे दगड वाहावयास लावीत, अन्नदानाच्या पंगतीत वाढावयास उभे करीत. जुन्या संगतीच्या जागी नवी संगत येई. वारकऱ्यांच्या गळ्यातील तुळशीच्या माळेचेही काम हेच आहे. आपल्या साखळीच्या विठ्ठलमंदिरात येणाऱ्या माळकऱ्यांना पाहिले म्हणजे याची खूण पटते. माळ घातलेला मनुष्य मद्यमांस वर्ज्य करतो ते कोणाच्या धाकाने नव्हे. आपण आता कोणाचे झालो आहोत, हे तो विसरू शकत नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला तेव्हा चोरट्या भट्ट्या निघाल्याच. कायदा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही, परंतु तो मनुष्याच्या मनात शिरू शकत नाही एवढे खरे.

बाबांनी आपले बोलणे आधी स्वतःवर पारखून घेतले होते. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालू होते. हे गाव आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे आमच्या पेडणे तालुक्याच्या शेजारच्या मुलखात आहे. तेथे त्यांना मुलगा गोविंद मरण पावल्याची वार्ता कळली. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी कीर्तन पुढे चालविले. अशा दुःखाच्या वेळी पेल्याकडे वळणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

त्यांच्या पुढील कार्याची केवळ यादी दिली तरी पाने भरतील. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरातील धर्मशाळांत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळाही होती, आणि ती पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखो रुपये त्यांच्या शब्दाखातर जमले, पण त्यांनी स्वतः गाडगे सोडले नाही. कोणास शिष्य केले नाही आणि कोणास पायांवर डोके ठेवू दिले नाही. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे गरीब रुग्ण व त्यांचे नातेवाईक तेथे आजही राहतात. त्यांत तंबाखूने तोंडाचा व घशाचा रोग जडलेले पुष्कळ असतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून ही माणसे तेथे येतात, आणि ज्यास बापाच्या व्यसनाने पोरके केले त्याच्या नावाच्या छपराखाली पथारी पसरतात.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झालेले असल्यामुळे आजही त्यांचा आवाज ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर गेले. बाबा आधीच आजारी होते. त्या वार्तेने त्यांचे मन खचले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, वाटेतच त्यांचा प्राण गेला. आपले स्मारक करू नये अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. लोकांनी ती मानली नाही. अमरावतीत समाधी झाली, १९८३ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठास पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि ग्रामस्वच्छतेची मोठी मोहीमही त्यांच्या नावाने निघाली. ऋणमोचनची यात्रा अजून पौषात भरते आणि यात्रेकरू घाटावरून न घसरता पाण्यापर्यंत उतरतात.