डॉ. वसंत रामजी खानोलकर : रोगाचे मूळ सवयीत शोधणारा संशोधक

पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कोणाला नवा नाही. तोंडाच्या दुखण्यासाठी घरच्या माणसाला घेऊन नागपूरच्या फेऱ्या करण्याची वेळही आपल्यातल्या अनेकांवर आली आहे. म्हणून या वेळी आम्ही डॉ. खानोलकरांची ओळख करून देत आहोत.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते परतले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. पुढे तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो विरळाच, असा तेव्हा समज होता. खानोलकरांनी रुग्णाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीच, पण त्याचे राहणे, खाणे, नेसणेही विचारात घेतले. १९४५ मध्ये सहकारी सूर्याबाई यांच्यासह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात मांडले होते. बिहारकडे चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात, तर रोग तिथेच होतो. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात घेऊन ओढतात, विशेषतः बाया. तिथे रोग टाळूला. तिसरा प्रकार धोतराचा! वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या गाठीने कमरेची कातडी घासली जाऊन तिथे होणारा. आमच्या आज्यांनी जन्मभर धोतर नेसले, पण असे काही कोणी ऐकले नव्हते. हा प्रकार मुळात विरळाच. तंबाखूचे तसे नाही.

पुढचा जीवनक्रम थोडक्यात सांगतो. ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, ते त्यांच्याच पुढाकाराने. डॉ. कमल रणदिवे तिथल्याच. कुष्ठरोगावरही त्यांनी काम केले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, पद्मभूषण मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

खर्रा त्यांच्या त्या तिघांत नाही, पण हिशेब तोच. तंबाखू, सुपारी आणि चुना गालात तासन्‌तास दाबून ठेवला जातो. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालते, असे आपल्याकडे अजूनही म्हणतात; पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. सुपारीने गालाची आतली बाजू कडक होत जाते, तिखट सोसवत नाही, हळूहळू तोंड कमी उघडते. घरात कोणाच्या तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, किंवा पांढरा चट्टा अथवा न दुखणारी जखम पंधरा दिवसांत भरत नसेल, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे.