योगविद्येचे संशोधक : स्वामी कुवलयानंद

शरीराच्या विद्या गुरूच्या नजरेखाली शिकाव्यात, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. वस्ताद कुस्तीचा डाव तालमीच्या हौद्यात उतरून शिकवतो. योगीही आसन आणि प्राणायाम शिष्याला जवळ बसवून शिकवतो. चीनमध्ये ताई चीसारख्या युद्धकलांची हीच परंपरा होती. श्वास, मन आणि आंतरिक बळ यांवर भर देणाऱ्या या कला तेथील घराण्यांनी व गुरुशिष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र दोन्ही देशांत एक प्रश्न उभा राहिला. ज्याला गुरू लाभत नाही, त्याने ही विद्या कशी शिकावी? चीनमध्ये सुन लुतांग या नामवंत आचार्यांनी १९१५ पासून अशा युद्धकलांवर पुस्तके प्रसिद्ध केली. भारतात योगविद्येच्या बाबतीत तसेच कार्य ज्यांनी केले, त्यांत स्वामी कुवलयानंद यांचे नाव अग्रभागी आहे.

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षणासाठी त्यांना फार कष्ट सोसावे लागले. १९०३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. संस्कृतमधील प्रावीण्याबद्दल त्यांना मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यामुळे बडोद्याच्या महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी उघडले. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांचा त्या काळी तरुणांवर मोठा प्रभाव होता. जगन्नाथरावांनीही आपले आयुष्य देशकार्याला वाहण्याचे ठरवले.

बडोद्यात त्यांना पहिले गुरू भेटले. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रमुख राजरत्न माणिकराव हे लाठी, कुस्ती आणि इतर देशी व्यायामप्रकारांचे थोर शिक्षक होते. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथरावांनी त्यांच्या हाताखाली शरीर कमावले. विद्या मूठभर लोकांपुरती न ठेवता समूहाला शिकवावी, हा माणिकरावांचा विचार त्यांच्या मनात खोल रुजला.

पुढे जगन्नाथराव खानदेशातील अमळनेर येथे शिक्षणकार्यात रमले. १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सामान्य जनतेतील निरक्षरता व अंधश्रद्धा त्यांनी जवळून पाहिली. १९२० साली इंग्रज सरकारने राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय बंद केले. हा आघात मोठा होता. परंतु त्याच सुमारास त्यांच्या जीवनाला नवी दिशाही मिळाली होती. १९१९ साली नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास या वृद्ध योग्यांशी त्यांची भेट झाली आणि त्यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली होती.

साधनेचा अनुभव त्यांना थक्क करणारा वाटला. तरीही त्यांची चिकित्सक बुद्धी केवळ अनुभवावर समाधान मानणारी नव्हती. योगाविषयी लोकांत दोन टोकांची मते होती. काही जण त्याला चमत्कार मानत, तर शिकलेल्यांपैकी अनेक जण त्याला भ्रम समजत. यांतील खरे काय, हे तपासून पाहिल्याशिवाय ही विद्या लोकांपुढे कशी मांडावी? १९२०-२१ मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास सुरू केला. या क्रिया चालू असताना शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने पाहिले.

नौलीवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. या क्रियेत पोटाचे मधले स्नायू उभ्या दांड्यासारखे पुढे काढले जातात. या क्रियेच्या बळावर योगी नळीवाटे मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात. हे पाणी वर कसे चढते, याचा उलगडा होत नव्हता. कुवलयानंदांनी पाऱ्याच्या दाबमापकाने आतड्यातील दाब मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप आत खेचले जाते, असे त्यांना आढळले. आत निर्माण होणाऱ्या या अंशतः पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात प्रयोगांची माहिती देणारे शास्त्रीय लेख असत आणि सामान्य वाचकांना आसने समजावून सांगणारे सचित्र लेखही असत. आसने व प्राणायाम यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकेही लिहिली. आजवर गुरूच्या मुखातूनच मिळणारी विद्या अशा रीतीने टपालाने दूरच्या घरांत पोहोचू लागली. १९२७ साली प्रकृती बिघडल्यामुळे महात्मा गांधी विश्रांती घेत होते. त्या काळात गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात आसनांविषयी पत्रव्यवहार झाला. गांधीजी आपला अनुभव लिहून कळवत आणि कुवलयानंद पत्राने सूचना देत.

पण पुस्तकाची मर्यादा कुवलयानंद पुरती ओळखून होते. समोरचा गुरू शिष्याची चूक तत्काळ पाहतो आणि त्याला थांबवतो. छापील पान तसे करू शकत नाही. म्हणून जे काम गुरूची नजर करते, ते त्यांनी शब्दांवर सोपवले. प्रत्येक आसनाची कृती क्रमाने सांगायची, ताण हळूहळू वाढवायचा आणि धोका आधीच दाखवून द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. कान वाहत असतील किंवा हृदय दुर्बल असेल, तर शीर्षासन करू नये, असा इशारा ते देत. प्राणायामाचा पुढचा अभ्यास मात्र जाणत्या मार्गदर्शकाजवळच करावा, असे त्यांचे मत होते.

आपल्या विद्येची अवाजवी स्तुतीही त्यांनी टाळली. प्राणायामामुळे शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यांच्या प्रयोगांत ती खरी ठरली नाही. योगाचे पुरस्कर्ते असूनही त्यांनी हा निष्कर्ष लपवला नाही. प्राणायामाचे महत्त्व अन्य कारणांत शोधले पाहिजे, असे त्यांनी मोकळेपणाने मांडले.

१९३० नंतर कैवल्यधामचे कार्य मुंबईतही सुरू झाले. तेथे रुग्णांना योगोपचार मिळू लागले. पुढे लोणावळ्यात योगाचे महाविद्यालयही उभे राहिले आणि शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण देण्याची सोय झाली. पुस्तकाने जिज्ञासा जागवावी आणि शिक्षकाने ती पूर्णत्वास न्यावी, असा दुहेरी मार्ग त्यामुळे तयार झाला.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. कैवल्यधामचे कार्य आजही चालू आहे. आज योगाची पुस्तके गावोगावी मिळतात आणि ती पाहून आसने करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एकेकाळी या विद्येसाठी नर्मदाकाठच्या आश्रमाचा शोध घेत जावे लागे. गुरूकडून मिळालेले धन जपून ठेवण्यापेक्षा ते पारखून सर्वांना वाटावे, असे कुवलयानंदांना वाटले. वाटताना त्यातील धोका आणि मर्यादा सांगण्यासही ते विसरले नाहीत. यातच त्यांचे मोठेपण आहे.