अली बरीदची कबर

बीदरहून उदगीरच्या रस्त्याला लागले की बरीदशाही राजांच्या कबरींचे घुमट दिसू लागतात. त्यांतील सर्वांत देखणा घुमट अली बरीदशहाचा. ही कबर त्याने आपल्या हयातीतच बांधून घेतली. म्हणून या राजाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

अली हा कासीम बरीदचा नातू व अमीर बरीदचा पुत्र. आजा व बाप दोघेही बहामनी सुलतानांचे वजीर होते. गादी सुलतानाची असली तरी कारभार यांच्या हाती होता. अमीर बरीद इतका धूर्त की लोक त्यास दक्षिणेचा कोल्हा म्हणत. परंतु मरणापुढे त्याचीही युक्ती चालली नाही. १५४२ साली तो दौलताबादेस गेला असता अकस्मात वारला. त्याचे प्रेत बीदरला आणून पुरण्यात आले. पण त्याची कबर अपुरी होती, ती अपुरीच राहिली. तिच्यावर घुमट चढला नाही तो आजतागायत.

पुढे अली राज्यावर आला. घराण्यात शहा हा किताब प्रथम त्यानेच घेतला. आरंभीचे दिवस कठीण गेले. औसा, उदगीर व कंधार हे किल्ले अहमदनगरच्या निजामशहाने घेतले. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत तो इतर सुलतानांच्या बरोबर होता. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाला त्याने नवे रूप दिले. तेथील कोरीव लाकूडकाम व काळ्या दगडात बसविलेले शिंपल्यांचे तुकडे पाहून मन थक्क होते.

एवढा वैभवाचा भोक्ता, तरी त्यास बापाच्या अपुऱ्या कबरीचा विसर पडला नसावा. १५७७ साली त्याची कबर बांधून पुरी झाली. चारही बाजूंस उंच कमानी, मध्ये काळ्या दगडाची कबर, आणि भिंतींवर रंगीत चकचकीत फरशांत लिहिलेली फारसी अक्षरे. कोठेही बंद भिंत नाही. वारा आरपार वाहतो. पुढे तीनच वर्षांनी, १५८० साली, अली वारला व ठरल्या जागी विसावला. राज्य मात्र टिकले नाही. १६१९ साली ते विजापूरकरांनी घेतले.

मरणाची तयारी अगोदर करणे हा अविश्वास आहे, असे काही बांधव म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. विश्वासणाऱ्यांचा पिता अब्राहाम याने सारेच्या मरणानंतर मकपेलाची गुहा फुकट न घेता ४०० शेकेल रुपे मोजून घेतली, तीही गावच्या वेशीत सर्वांसमक्ष. पुढे तो स्वतः तेथेच पुरला गेला. अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खोदलेली नवी कबर तर आपल्या प्रभूच्या उपयोगी पडली.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आईच्या शेजारी आपल्याला ठेवावे, असे आमचे वडील नेहमी म्हणत. आम्ही हो म्हणत असू, परंतु मंडळीच्या कमिटीस कधी कळविले नाही. वडील वारले तेव्हा ती जागा दुसऱ्या कुटुंबास गेलेली होती. भर पावसात कबरस्थानाच्या दुसऱ्या टोकाला खड्डा खणावा लागला. दोष कोणाचाही नव्हता, आमचाच होता. वडील प्रभूजवळ आहेत याविषयी आम्हांस शंका नाही. तरी त्या दोन कबरींमधील अंतर चालताना पाय जड होतात.

वाचकहो, अलीसारखा घुमट कोणाला हवा आहे? जागा थोडी आहे, व गरीब बांधवालाही ती लागणार आहे; तेव्हा गरजेपुरतीच मागावी. पण जी इच्छा असेल ती घरात बोलून दाखवावी व पाळकसाहेबांकडे लिहून ठेवावी. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांस बीदरला नेले तर बापाची व मुलाची, दोन्ही कबरी दाखवाव्यात. एकीवर आभाळ आहे, दुसरीवर घुमट. फरक का पडला, हे मुलेच सांगतील.