‘साध्या’ गाठींशी झुंजलेला शल्यविशारद

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे ८ एप्रिल १८६९ रोजी जन्मलेल्या हार्वे कुशिंग यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. मेंदूच्या आवरणातून उद्भवणाऱ्या गाठीला ‘मेनिंजिओमा’ हे नाव १९२२ मध्ये त्यांनीच दिले. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. तरीही कवटीच्या बंदिस्त जागेत तिची संथ वाढसुद्धा डोकेदुखी, आकडी, प्रसंगी अर्धांगवायू ओढवते. तिला साधी म्हणावे तरी कसे? लष्करी अधिकारी लिओनार्ड वूड यांची अशी गाठ कुशिंग यांनी १९१० मध्ये काढली. ती पुन्हा वाढली आणि १९२७ मधील शस्त्रक्रियेनंतर वूड यांचा मृत्यू झाला. हा आघात कुशिंग यांच्या जिव्हारी लागला.

लुईस आयझेनहार्ट यांच्यासह १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एकाच रुग्णातील अनेक मेनिंजिओमांचाही विचार केला. त्यामागील एक कारण १९९३ मध्ये उलगडले. २२व्या गुणसूत्रावरील एक जनुक जन्मतः सदोष असल्यास मेनिंजिओमांसोबत दोन्ही कानांच्या नसांवरही गाठी येऊ शकतात.

कुशिंग ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने निवर्तले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही सुमारे एक सेंटिमीटरची द्रवकोशासारखी साधी गाठ आढळली.