मागे राहिलेला धर्मदूत: बिशप जॉर्डनस कातालानी



ख्रिस्ती धर्म भारतात इंग्रजांबरोबर आला, फार तर पोर्तुगीजांबरोबर आला, असे आपल्या आजूबाजूला सर्रास बोलले जाते. कधी कधी आपली शाळकरी मुलेही हेच ऐकून घरी येतात. केरळमधील संत थोमा यांची परंपरा आपल्याला ठाऊक असते. पण महाराष्ट्राचे काय, असे कोणी विचारले की आपण गप्प बसतो. म्हणून आज आम्ही अशा एका धर्मगुरूंचे चरित्र आपल्यासमोर ठेवत आहोत, जे वास्को द गामाच्या १७७ वर्षे आधी आपल्या कोकण किनाऱ्यावर उतरले होते. त्यांच्यामागे ना राजा होता, ना तोफा, ना व्यापारी कंपनी. त्यांचे नाव जॉर्डनस कातालानी.

जॉर्डनस हे दक्षिण फ्रान्समधील सेवेराक गावचे. त्यांनी दोमिनिकन संघात प्रवेश केला. संत दोमिनिक यांच्या या संघाला १२१६ साली पोपमहाशयांची मान्यता मिळाली होती. मठाच्या भिंतीआड न राहता लोकांत जावे, अभ्यास करावा, प्रवचन करावे आणि भिक्षेवर जगावे, ही या बंधूंची रीत. संत फ्रान्सिस यांचे बंधूही असेच गावोगाव फिरत. युरोपात त्या वेळी मोठमोठी कॅथेड्रल आणि विद्यापीठे उभी राहत होती, आणि त्याच काळात हे अनवाणी साधू पूर्वेकडे निघाले होते. इराणवर तेव्हा मंगोल राजांची सत्ता होती. तेथील ताब्रिझ शहरात दोन्ही संघांचे मठ होते. जॉर्डनस तेथे पोहोचले आणि फारसी भाषा शिकले.

त्या वेळी आपल्याकडे काय चालले होते? आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर असलेल्या देवगिरीचे यादव राज्य १३१८ साली संपले आणि दिल्लीच्या सुलतानांचा अंमल सुरू झाला. कोकणातील ठाणेही त्यांच्याच ताब्यात गेले. १३२० मध्ये दिल्लीत गियासुद्दीन तुघलक गादीवर आला. सत्ता नवी, अधिकारी नवे, सगळीकडे अस्थिरता. अशा वेळी जॉर्डनस चार फ्रान्सिस्कन बंधूंबरोबर होर्मुझ बंदरातून जहाजात बसले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस अशी त्या चौघांची नावे. जायचे होते केरळातील कोल्लमला, आणि तेथून चीनला. जहाज मात्र त्यांना ठाण्याला घेऊन आले.

ठाण्यात पूर्वेकडील ख्रिस्तसभेची, म्हणजे नेस्तोरियन पंथाची पंधराएक घरे होती. त्यांतील एका घरी पाहुण्यांची सोय झाली. फारसी चांगली येत असल्यामुळे जॉर्डनस पुढे सोपाऱ्याकडे गेले. तेथून त्यांना भडोचला जायचे होते. विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना शोधून त्यांची आध्यात्मिक सेवा करावी, असा त्यांचा हेतू होता. चौघे मागे राहिले.

पुढे जे घडले, त्याची सुरुवात अगदी घरगुती होती. पाहुणे ज्या घरी उतरले होते, तेथे नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने हात उगारला आणि बायकोने काजीकडे तक्रार केली. साक्षीदार म्हणून तिने पाहुण्यांकडे बोट दाखवले. चौकशीतून धर्माचा वाद निघाला आणि तो चिघळत गेला. ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स आणि दिमित्रियस यांना ठार मारण्यात आले. सामान राखण्यासाठी घरी थांबलेले पीटर दोन दिवसांनी, ११ एप्रिलला हुतात्मा झाले. नंतर ठाण्याला आलेले फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक यांनी हा वृत्तांत लिहून ठेवला आहे. ही बातमी दिल्लीला कळल्यावर सुलतानाने त्या अधिकाऱ्याला शिक्षा केली, असेही ते सांगतात. सातशे वर्षांपूर्वीच्या या घटनेवरून आज कोणा शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

जॉर्डनस परत आले तेव्हा सगळे संपले होते. जिनोआच्या एका तरुणाच्या मदतीने त्यांनी आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेले आणि तेथील चर्चमध्ये पुरले. पुढे ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी आपल्याबरोबर चीनला नेल्या.

ठाण्याच्या चार हुतात्म्यांची आठवण आपली ख्रिस्तसभा ठेवते, आणि ठेवलीच पाहिजे. पण आज आम्हाला पाचव्याकडे पाहायचे आहे. एकाच आठवड्यात चारही सोबती गेले. पुढची बोट धरून ताब्रिझला परतायला कोणाची ना नव्हती. कोणी नावेही ठेवली नसती. जॉर्डनस परतले नाहीत. ते ठाणे, सोपारा आणि भडोच या भागात एकटेच फिरत राहिले. ऑक्टोबर १३२१ मध्ये त्यांनी इराणमधील आपल्या बंधूंना पत्र लिहून झाला प्रकार कळवला आणि मदतीला माणसे मागितली. जानेवारी १३२४ मध्ये त्यांनी ठाण्याहून पुन्हा पत्र लिहिले. त्या पत्रातून त्यांचे हाल कळतात: चाचांनी पकडले, तुरुंगवास झाला, अंगावरचा झगा गेला, भूक, आजारपण, शिव्याशाप. एवढे सांगूनही त्यांनी सुटका मागितली नाही. त्यांनी आणखी धर्मबंधू मागितले.

याच काळात, १३२३ साली, त्यांच्याच संघाचे थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांना पोप जॉन बाविसावे यांनी संतपद बहाल केले. संत थॉमस यांची एक शिकवण आम्हाला सेमिनरीत असल्यापासून विचार करायला लावते. धैर्याची दोन कामे असतात: संकटावर चाल करून जाणे आणि संकटात टिकून राहणे. संत थॉमस यांच्या मते त्यांतले मुख्य काम दुसरे. चाल करणारा स्वतःला बलवान समजत असतो. टिकून राहणाऱ्याला समोरची शक्ती आपल्याहून मोठी आहे हे दिसत असते, तरीही तो पाय मागे घेत नाही. संतपदाचा सोहळा दूर आविन्योंला झाला. त्या शिकवणीचा जिवंत धडा मात्र त्यांचाच एक बंधू ठाण्याच्या खाडीकाठी गिरवत होता.

काही वर्षांनी जॉर्डनस युरोपला गेले. पोपमहाशयांचे आसन तेव्हा रोमऐवजी आविन्यों येथे होते. १३२९ साली पोप जॉन बाविसावे यांनी कोल्लम हा भारतातील पहिला लॅटिन धर्मप्रांत स्थापन केला आणि जॉर्डनस यांना तेथील बिशप नेमले. गोव्याचा धर्मप्रांत यानंतर दोनशे वर्षांनी झाला. आपला औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७ चा.

त्यांनी लॅटिन भाषेत एक छोटे पुस्तकही लिहिले. पूर्वेकडे पाहिलेल्या नवलाईच्या गोष्टींचे ते वर्णन आहे. आपला फणस, आंबा, हत्ती, पारशी लोकांची अंत्यविधीची रीत हे सारे त्यात येते. या भूमीत आपल्या हातून सुमारे ३०० जणांचा बाप्तिस्मा झाला, असे ते नमूद करतात. आणि येथील लोक स्वच्छतेने जेवणारे, खरे बोलणारे व न्यायाने वागणारे आहेत, अशी साक्षही देतात. ज्या देशात त्यांचे चार सोबती मारले गेले, त्या देशाच्या लोकांविषयी त्यांनी हे लिहिले, हे विसरून चालणार नाही.

१३३० नंतर त्यांचे नाव इतिहासाच्या पानांवरून नाहीसे होते. त्यांची कबर दाखवता येत नाही. मात्र १३४० च्या दशकाच्या अखेरीस पोपमहाशयांचे दूत जॉन मारिन्योली कोल्लमला आले, तेव्हा तेथे संत जॉर्ज यांच्या नावाचे लॅटिन विधीचे चर्च उभे होते.

प्रिय धर्मग्रामस्थहो, मराठवाड्यात श्रद्धेचे बीज पेरणारे घोगरगावचे फादर गुरियन जाकिये हेही फ्रान्समधूनच आले आणि इथल्याच लोकांचे होऊन राहिले. त्यांच्या कष्टाची फळे आपण खात आहोत. पण मिशनरी म्हणजे दुरून आलेला फादरच, असे नाही. आपल्यातही मागे राहिलेली माणसे आहेत. जोडीदार गेला तरी दर रविवारी त्याच बाकावर येऊन बसणारी आजी. मुले पुण्या-मुंबईला गेली तरी वाडीतील रोझरी चालू ठेवणारे काका. वर्गात चारच मुले उरली तरी धर्मशिक्षण बंद न करणारी ताई. त्यांना वाटते, आपण काही फार करत नाही. जॉर्डनस यांनाही सोपाऱ्याच्या त्या कबरीपाशी तसेच वाटले असेल.

ते गेले नाहीत, राहिले. या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेत ठाण्याच्या चार हुतात्म्यांबरोबर या पाचव्याचेही स्मरण करू या, आणि आपल्या ओळखीत जो कोणी एकटा मागे राहिला असेल, त्याच्या घरी एकदा जाऊन येऊ या.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपले धर्मगुरू