संत गोन्सालो गार्सिया : दोन कुळांचा पुत्र

महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, हें आम्हांस उचित वाटतें. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणणारीं आमचीं माणसें ही रीत कोणत्याहि पुस्तकांतून शिकलेलीं नाहींत. ती कुळाबरोबर चालत आली आहे. परंतु आपलें कुळ कोणतें, असा प्रश्न कोणीं केला तर आमच्यापैकीं पुष्कळांस दोनतीन पिढ्यांपलीकडे जातां येत नाहीं. म्हणून ज्यांच्या कुळाविषयीं आमच्या वडीलधाऱ्यांत वाद होत आला, त्या वसईच्या संताचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. 1534 मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर सुमारें वीस-बावीस वर्षांनीं गोन्सालो यांचा जन्म याच प्रांतांत झाला. पिता पोर्तुगीज व माता येथील कोंकणी, असें बहुतेक चरित्रकार मानितात. पित्याचें आडनांव पुत्रास लागलें. मातेचें कुळ नांवांत कोठेंच दिसत नाहीं. म्हणून कांहीं जण त्यांस परकीय समजले, तर कांहींनीं ते सर्वस्वीं आमचेच, असा हट्ट धरिला. दोन्हीं पक्षांनीं आडनांवावर फाजील विश्वास ठेविला, असें आम्हांस वाटतें. स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्रीबाबांचें आडनांव घेण्याचा प्रघात त्या काळीं होता. त्यामुळें आडनांवावरून रक्ताचा शोध लागत नाहीं, हें आमच्या प्रत्येक आळींत दिसून येतें.

बालपणीं गोन्सालो यांस येशूसंघीय गुरूंजवळ शिक्षण मिळालें. पंधरा-सोळा वर्षांचे असतां ते त्यांच्याबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं इतकी उत्तम आत्मसात केली कीं, धर्मशिक्षक म्हणून ते लोकांस फार प्रिय झाले. कित्येक वर्षें सेवा केल्यावर संघांत प्रवेश मिळावा अशी त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु ती विनंती मान्य झाली नाहीं. मातेकडून एतद्देशीय असलेल्या उमेदवारांस संघांत घेण्यास त्या काळचे अधिकारी सहसा राजी नसत. ज्या मातेच्या भूमीनें त्यांस वाढविलें, तिचेंच रक्त त्यांच्या वाटेंत आडवें यावें, हें शल्य लहान नव्हतें.

गोन्सालो यांनीं मात्र कुळाचा तिरस्कार केला नाहीं कीं धर्माचा त्याग केला नाहीं. ते व्यापारांत शिरले व त्यांत त्यांस चांगलें यश आलें. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन मठवासीयांशीं त्यांचा परिचय झाला, तेव्हां सारी धनदौलत सोडून ते त्या संघांत साधे ब्रदर झाले. इ. स. 1593 मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुनः जपानांत गेले. राज्याचा सूत्रधार हिदेयोशी याच्यासमोर दुभाष्याचें काम गोन्सालो यांनींच केलें. क्योतो येथें मठ उभा राहिला, तसेंच महारोग्यांची शुश्रूषा करणारें रुग्णालयहि चालूं झालें.

इ. स. 1596 मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यानंतर हिदेयोशीचा संशय बळावला व मठवासीयांवर पहारा बसला. बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यांत आली आणि ऐन हिवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. तारीख 5 फेब्रुवारी 1597 रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसांस बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचे व एक आमच्या वसईचे होते. इतक्या भिन्न कुळांचें रक्त त्या दिवशीं एकाच भूमीवर सांडलें. 1627 सालीं त्यांस धन्यवादित म्हणून मान मिळाला आणि 8 जून 1862 रोजीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हा मान प्रथम गोन्सालो यांसच लाभला.

इकडे वसईवर 1739 मध्यें मराठ्यांचा अंमल आला; किल्ल्यांतील मंदिरें ओस पडलीं. तेथील भग्न मंदिरांत थडग्यांच्या शिळांवर कोरलेलीं नांवें अद्यापि वाचतां येतात. पण ज्यांच्या नांवाची शिळा कधीं बसलीच नाहीं, अशा आमच्या आजी-पणजींचें काय? त्यांचीं माहेरें, त्यांचीं जुनीं आडनांवें, त्यांच्या ओव्या या केवळ वृद्धांच्या मुखांत आहेत आणि तीं मुखें एकेक करून मिटत आहेत.

यास्तव आमची वाचकांस नम्र विनंती आहे कीं, या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें एक वही करावी. तींत आजोबांच्या नांवाबरोबर आजीचें नांव, तिचें माहेर व तिच्या आईचें नांवहि लिहावें. संत गोन्सालो यांच्या नांवांत मातेचें कुळ लोपलें, परंतु तिच्या गांवाचें नांव त्यांनीं जगभर नेलें. ते दोन्हीं कुळांचे होते, म्हणूनच ते आम्हां सर्वांचे आहेत. त्यांच्या मध्यस्थीनें आमच्या पूर्वजांच्या आत्म्यांस चिरशांति लाभो व आमच्या मुलांबाळांस आपल्या घराण्याची ओळख राहो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.