दिनकर गंगाधर केळकर
दिनकर गंगाधर केळकर (१० जानेवारी, १८९६ – १७ एप्रिल, १९९०) हे मराठी कवी, वस्तुसंग्राहक आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने काव्यलेखन करीत.

केळकरांचा पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय होता. इ.स. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच मरण पावला. पुढे त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयास त्याचे नाव देण्यात आले. या कार्यात पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ लाभली.

केळकरांच्या संग्रहात तलवारी, ढाली व कट्यारी आहेत. कट्यारीची मूठ पात्याला आडवी असल्याने तिचा वार ठोशासारखा सरळ बसतो. मात्र युद्धातील पात्यांइतकेच घरातील पातेही केळकरांनी मोलाचे मानले. मोर, घोडा, स्त्री-पुरुष अशा आकारांत घडविलेले सुपारी कातरण्याचे अडकित्ते हे या संग्रहाचे खास वैशिष्ट्य आहे. अशा वस्तूंवर कारागिराचे नाव सहसा नसते. घरात वापर थांबला की त्या मोडीत जात. केळकरांच्या संग्रहामुळे अनाम लोहारांचे व तांबटांचे कसब टिकून राहिले.

सुमारे चाळीस वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या. इ.स. १९७५मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.